सोळा भरले

१

आमच्या ग्रुपमध्ये डोंगर चढताना सगळ्यांच्या पुढं आबासाहेब असतात आणि सगळ्यांच्या मागं मी. चार वर्षं असंच चाललं होतं. पुढच्यानं वाट दाखवायची. मागच्याचं काम एवढंच, की आपल्या मागं कोणी राहता कामा नये. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, कोणाला दम लागला, कोणी फुलांचे फोटो काढत बसलं, की त्याच्यापाशी थांबायचं, त्याला पुढं घालायचं आणि मगच आपण पाऊल उचलायचं. आठवडाभर शाळेत चाळीस पोरांपुढं ओरडून घसा बसतो. रविवारी कोणाच्या तरी मागून गप्प चालायला मला बरं वाटायचं.

मी अंजुम. नगरला मुकुंदनगरात राहते. घरात अम्मी, मी आणि माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा भाऊ परवेझ. तो नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर आहे. अम्मीला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ती पलंगावर. रविवारी शेजारच्या फरीदाखाला तिच्याजवळ बसतात, म्हणून आम्ही दोघं मोकळे होतो.

त्या रविवारी आम्ही अकोले तालुक्यात धारोबाच्या डोंगरावर गेलो होतो. सप्टेंबर संपत आला होता, फुलांचा भर होता. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हर अंगद सोडून सोळा माणसं.

हे मी रागात सांगतेय. राग उतरेल, डोकं शांत होईल, मग सांगू, असं ठरवून तीन महिने थांबले. राग उतरला नाही. आणि आता वाटतं, तो उतरला तर मला हे सांगताच येणार नाही.

२

धारोबाचा माथा सपाट आहे. पावसाळ्यानंतर सगळा माथा सोनकीनं पिवळा होतो, मधेमधे तेरड्याचे गुलाबी पट्टे. आणि अगदी मध्यावर तळं. मोठं नाही, आमच्या शाळेच्या मैदानाएवढं असेल. काठाला गवत थेट पाण्यात उतरतं, त्यामुळं जमीन कुठं संपली ते पाय ओला झाल्यावरच कळतं.

अकराला आम्ही वर पोचलो. लोक फुलांत लोळायला लागले. फोटोसाठी लोक फुलांवर बसतात, झोपतात, आणि उठल्यावर मागं चिरडलेला चिखल राहतो. दर वर्षी मी ओरडते, दर वर्षी आबासाहेब म्हणतात, "अंजुमताई, जाऊ द्या हो, एक दिवस तर येतात बिचारे."

परवेझ तळ्याच्या पलीकडच्या काठाला पोटावर झोपून मोबाईलनं कुठल्यातरी निळ्या फुलाचा फोटो काढत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "आपा, चाकणची नोकरी लागलीय मला. पंधरा तारखेपासून."

"कुठल्या महिन्याच्या?"

"याच. म्हणजे येत्या. ऑक्टोबर."

"कधी कळलं?"

त्यानं आणखी एक फोटो काढला. मग म्हणाला, "महिना झाला."

महिना झाला. महिनाभर हा माझ्यासमोर जेवत होता. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, औरंगाबादचं, चांगलं. अम्मीला सोडून कशी जाऊ म्हणून मी नाही म्हटलं. त्या स्थळाला नकार देऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. तेव्हा हा माणूस बाजूला बसून चहा पीत होता आणि याच्या मोबाईलमध्ये चाकणचं पत्र होतं. मला म्हणाला होता, "आपण दोघं मिळून बघू अम्मीचं."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. तोही बोलला. परवेझ चिडला की मला आपा म्हणत नाही, नुसतं अंजुम म्हणतो, लहानपणापासून. "अंजुम, तू स्वतःच्या मर्जीनं थांबलीस, माझ्या नावावर टाकू नको," असं म्हणाला. ते खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

मी उठले. म्हटलं, "बस इथंच. मी थांबणार नाही तुझ्यासाठी."

आणि थांबले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मागं कोणालातरी ठेवून चालू लागले.

३

धुकं खालून वर आलं, मागोमाग पाऊस. तळं दिसेनासं झालं. आबासाहेबांनी शिट्टी मारली आणि उतरणीच्या तोंडाशी सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. आमच्याकडं मोजायची पद्धत अशी, की पहिल्यानं एक म्हणायचं, त्याच्या मागच्यानं दोन, असं शेवटपर्यंत. सोळा हा माझा आकडा.

एक, दोन, तीन करत आकडे मागं आले. माझ्या पुढं धनश्री होती, आमच्याच शाळेतली. ती म्हणाली, "चौदा."

पंधरा परवेझचा. तो नव्हता. मला हात वर करून सांगायचं होतं, आबासाहेब, थांबा. पण माझा राग असा होता, की मला त्याचं नाव तोंडात घ्यायचं नव्हतं. एक क्षण. दोन.

"पंधरा."

माझ्या मागून.

मला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याचा पुन्हा राग आला. मी मागं बघितलं नाही. "सोळा," म्हणाले.

"सोळा भरले!" आबासाहेब ओरडले, आणि आम्ही उतरायला लागलो.

वाट घसरडी होती. माझ्या मागं पावलं वाजत होती. परवेझ उतरताना गुणगुणतो, त्याच्या पायाखालचे दगड गडगडत खाली येतात, मी नेहमी त्यावरून बोलते. त्या दिवशी एकही दगड आला नाही. मी थांबले की मागचा आवाज थांबायचा. माणूस थांबताना एखादं पाऊल जास्तीचं पडतं, तोल सावरतो, श्वास सोडतो. तसं काही नाही. मी थांबले, की मागं काहीच नसायचं.

मनात म्हटलं, शरमला असेल.

एका ठिकाणी खडकावर शेवाळ होतं. मी वळले नाही, पण सवयीनं बोलले, "जपून."

"हो, आपा."

आवाज त्याचाच. पण आपा? तासाभरापूर्वी मला अंजुम अंजुम करून भांडणारा माणूस इतक्या लवकर आपा म्हणाला? मला वाटलं, नमला. बरं झालं. खरं सांगते, मला आनंद झाला. उतरेपर्यंत मी तो आनंद चघळत राहिले आणि एकदाही मान वळवली नाही.

४

पायथ्याला चिंचवंगण गाव आहे. तिथं कडूबाईंच्या घरी आमचं जेवण असतं. आधी फोन करून सांगायचं, की त्या पिठलं, भाकरी, ठेचा करून ठेवतात. त्यांचे मालक गोरक्षनाथ सकाळीच गुरं घेऊन डोंगराकडं गेले होते.

ओसरीत ताटं मांडली होती. मी मुद्दाम आतल्या बाजूला, चुलीजवळ बसले. तिथून परवेझ दिसला नाही तर बरं, म्हणून. तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलाच. ओसरीच्या कडेला, पागोळ्यांखाली, आमच्याकडं पाठ करून. पिवळ्या रेनकोटची टोपी डोक्यावरून पुढं ओढलेली.

कडूबाई भाकरी वाढून आत आल्या आणि माझ्याजवळ खाली वाकल्या.

"ताई, त्यो तुमचा भाऊ व्हय?"

"हो."

"आजारी हाय का?"

"का?"

"जेवंना. भाकर हातात धरून बसलाय. मी म्हनलं, बाबा, पिठलं वाडू का, तर हो म्हनला. मंग म्हनलं, पुरं का, तरी हो म्हनला." त्यांनी पदराला हात पुसले. "भाकरीतून पानी गळाया लागलंय."

"उपाशी राहू द्या," मी म्हटलं. "एक दिवस उपाशी राहून मरत नाही कोणी."

कडूबाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझा राग आला होता, ते दिसलं मला. बरोबरच होतं त्यांचं.

५

गाडीत मी पुढं, अंगदच्या शेजारच्या सीटवर बसले. परवेझ सगळ्यात मागं, खिडकीकडं, एकटा. तिथं बसताना मी त्याला पाहिलं नाही. नंतर आरशात पाहिलं, पिवळी टोपी तेवढी दिसली.

अडीच वाजले होते. पाऊस थांबलेला. अकोल्याच्या अलीकडं एक चढ लागतो, तिथं मला पायाशी गार लागलं. खाली बघितलं तर पाणी. बोटभर रुंदीची धार, सीटांच्या मधून सरळ पुढं आलेली.

"कोणाची बाटली सांडली रे?" अंगद म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या बाटल्या बघितल्या. कोणाची सांडली नव्हती. मी ती धार बघत बसले. स्वच्छ पाणी होतं, थंड. रेनकोट निथळतोय त्याचा, दुसरं काय. एवढं निथळतं का? उतरताना पावसात होता, निथळणारच. असं मी माझ्याशीच बोलत होते. मग लक्षात आलं, की गाडी चढावर आहे. पाणी मागं जायला हवं.

मी पाय वर घेतले. अंगदला काही बोलले नाही. काय बोलणार? चढ आहे आणि पाणी पुढं येतंय, असं? गणिताची बाई आहे मी. घाटात रस्ता कुठं चढतो, कुठं उतरतो, डोळ्यांना फसायला होतं, हे मीच पोरांना सांगते.

संगमनेरला चहासाठी थांबलो. सगळे उतरले. तो उतरला नाही. धनश्री त्याला चहा द्यायला गेली आणि भरलेला कप घेऊन परत आली.

"काय झालं?"

"अगं, घेतोस का विचारलं, तर हो म्हणाला. पण हातच पुढं करत नाही." ती हसली, पण अर्धवट. "तुमचं भांडण झालंय का?"

"तू तुझा चहा पी," मी म्हटलं.

६

लोणी मागं टाकलं आणि माझा मोबाईल वाजला. पाच वाजून गेले होते, ऊन तिरपं झालं होतं, दोन्ही बाजूंना ऊस. स्क्रीनवर नाव आलं, कडूबाई चिंचवंगण.

"ताई, तुमी कुटवर गेल्या?"

"लोणीच्या पुढं. काय राहिलं का आमचं?"

"तुमचा भाऊ ऱ्हायला की वो! परत वर कशाला गेला व्हता? पाय मोडलाय त्याचा. आमच्या मालकांना डोंगराच्या नाळंत सापडला, पाठीवर घालून आनला त्यांनी. तुमी मानसं हायेत का कोन? मोजत न्हाई का?"

"कडूबाई, माझा भाऊ गाडीत आहे."

मग त्या हळू बोलल्या, "थांबा. त्यालाच देते."

श्वास ऐकू आला. दुखणाऱ्या माणसाचा, दातांतून घेतलेला. मग तो म्हणाला, "अंजुम."

एवढंच. रागानं. त्या एका शब्दात माझ्या भावाचा सगळा राग होता, सगळी शरम, लहानपणापासूनची सगळी भांडणं. त्यानंतर मला खात्री करायची गरजच उरली नाही, की खरा कुठला.

"अंगद, गाडी घे बाजूला," मी म्हटलं.

गाडी थांबली. आबासाहेब पेंगत होते, बाकीचे मोबाईलमध्ये. मी उठले आणि मागं चालत गेले. तेवढं अंतर किती असतं, दहा पावलं. पायांखाली पाणी चपचपत होतं.

मी घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त चिडले होते. माझ्या भावाच्या जागेवर बसलं होतं ते. भावाचा आकडा त्यानं घेतला होता. आणि मी घेऊ दिला होता.

"परवेझ आहेस?"

"हो, आपा."

"परवेझ नाहीस ना तू?"

"हो, आपा."

तोच सूर. मोजतानाचा, खडकावरचा. जरासुद्धा फरक नाही.

मी टोपी धरली आणि मागं ओढली.

चेहरा परवेझचा होता. ओरडावं असं त्यात काही नव्हतं. माझ्या भावाच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. लहानपणी माझ्याच हातून पाटी लागली होती, तीन टाके पडले होते. ह्याचा व्रण उजव्या भुवईवर होता. आणि तो चेहरा माझ्याकडं बघत असताना कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा हलला. वाऱ्यानं पाणी हलावं तसा, अगदी हलका. गाडीच्या खिडक्या बंद होत्या.

"उतर," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "उतर गाडीतून."

"हो, आपा."

तो उठला, माझ्या बाजूनं गेला, आणि सगळ्यांच्या देखत दारातून खाली उतरला. धनश्रीनं पाय बाजूला घेतले त्याला जायला. रस्त्याच्या कडेनं, ज्या बाजूला आमच्या गाडीचं तोंड होतं त्या बाजूला, तो चालू लागला. नगरकडं. उसाच्या वळणापर्यंत पिवळा रेनकोट दिसत होता.

"अंजुमताई," आबासाहेब जागे होऊन म्हणाले, "भावाबहिणीचं भांडण घरी जाऊन मिटवा. असं रस्त्यात उतरवायचं?"

मी फोन त्यांच्या कानाला लावला. कडूबाई बोलल्या, मग परवेझ बोलला. आबासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. पण फोन परत देताना ते काय म्हणाले? म्हणाले, "मी मोजले होते. सोळा भरले होते."

मला त्यांच्या थोबाडीत मारायची होती. मारली नाही. कारण सोळा मीच म्हटलं होतं.

७

बाकीच्यांना घरी जायचं होतं. गाडी मागं वळली नाही. मी एसटीनं संगमनेरला गेले. तिथून फरीदाखालांना फोन केला, की परवेझला लागलंय, आज अम्मीजवळ झोपाल का. त्या म्हणाल्या, "जा तू, मी आहे." पुढं एका दुधाच्या टेम्पोतून चिंचवंगणला पोचले.

परवेझ कडूबाईंच्या ओसरीत झोपला होता. पायाला दोन फळ्या बांधलेल्या. त्याच्या अंगावर त्याचा रेनकोट होता, फाटलेला, चिखलानं माखलेला. मी आधी त्याची भुवई बघितली. डावी. मग त्याच्याजवळ बसले.

माफी मागावी असं दोघांनाही वाटत होतं आणि दोघांनाही येत नव्हतं.

"तू उतरला का नाहीस?" शेवटी मी विचारलं. "शिट्टी ऐकू आली नाही?"

"आली की."

"मग?"

"मग काय? तू बसली होतीस समोर."

"कुठं?"

"तळ्याच्या पलीकडं. फुगून, पाठ करून. मी हाका मारल्या. उठेचना तू. तुला एकटीला टाकून उतरू का?" त्याचा आवाज चढला होता. "तू मला टाकलंस, मी नाही टाकलं. दोन तास बसलो मी तिथं, अंजुम. हात जोडले. चाकणला जात नाही, असंसुद्धा म्हणालो."

"आणि?"

"मग तू वळून बघितलंस."

मी वाट बघितली. तो भिंतीकडं तोंड करून पडला.

"आणि परवेझ?"

"आणि मी पळालो," तो म्हणाला. "पाय कुठं मोडला ते आठवत नाही. बास."

गोरक्षनाथ उंबऱ्यात बसून हे ऐकत होते. दिवसभर गुरांमागं फिरलेला दमलेला माणूस. मी त्यांना विचारलं, "मामा, काय आहे वर?"

"पानी हाय," ते म्हणाले, आणि उठून गोठ्याकडं गेले.

८

सोमवारी सकाळी अकोल्याला परवेझच्या पायाला प्लास्टर घातलं. दुपारी तीनला आम्ही मुकुंदनगरात रिक्षातून उतरलो. फरीदाखाला त्यांच्या दारात तांदूळ निवडत होत्या. परवेझकडं बघून त्यांच्या हातातलं सूप कललं.

"अरे, हा पाय कधी मोडलास? रात्री तर धड होतास!"

मी म्हटलं, "खाला, तुम्ही रात्री अम्मीजवळ नव्हता?"

"होते की. हा आला ना जेवायच्या वेळेला. मी म्हटलं, तू बसतोस का अम्मीजवळ, तर हो म्हणाला. मग मी घरी आले. पहाटे डोकावले तर निघून गेलेला. मला वाटलं, ड्युटीवर गेला."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. दार ढकलून आत गेले.

अम्मी उशीला टेकून बसली होती. दोन वर्षांत तिला मी इतकं शांत पाहिलं नव्हतं. केस विंचरलेले. चादर घडी न मोडता अंथरलेली, कोरडी. पलंगाशेजारी खुर्ची ओढलेली होती, आणि खुर्चीखालची फरशी ओली होती.

"अम्मी, बरी आहेस ना?"

"किती दिवसांनी बसला गं जवळ," ती म्हणाली. झटक्यापासून तिचे शब्द जड येतात, पण त्या दिवशी सगळे कळत होते. "रात्रभर हात धरून. घाई नाही, मोबाईल नाही. मी म्हटलं, मला सोडून जाणार नाहीस ना? हो म्हणाला."

मागं कुबडीचा आवाज झाला. परवेझ आत येऊन दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. "अम्मी," तो म्हणाला.

अम्मीनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं, पायाकडं, चेहऱ्याकडं. ओळखलं तिनं त्याला. तिच्या नजरेत तो कोण याबद्दल काही शंका नव्हती. मग तिनं मला खूण करून जवळ बोलावलं. मी वाकले. तिला वाटलं असेल, आपण हळू बोलतोय.

"आणि तो?" तिनं विचारलं. "तो परत कधी येईल?"

चौकटीपाशी उभ्या असलेल्या परवेझनं ते ऐकलं.